तांबडं इंजेक्शन

६ जानेवारी, सोमवार

बियाणाच्या कंपनीची डायरी फुकट आली. चार दिवस फ्रीजवर पडून होती, कोणी उचलंना. मी घेतली. चौथीपर्यंत शिकले ते वाया जाऊ नये. रोज लिहिणार. खरं तेच लिहिणार. कोणाला दाखवणार न्हाई.

खरं हे आहे की कनेरगाव नाक्यावर ढाबे लई, पण मटणाचा रस्सा म्हणलं की द्वारकाबाईचा. वाशीमकडून येणारा ड्रायव्हर आमच्याच दारात ब्रेक दाबतो. आणि मी स्वतः मटण खात न्हाई. रस्स्याचा थेंब जिभेला लावत न्हाई. पाच वर्षं झाली, व्रत आहे माझं. मीठ माझ्या हाताला कळतं. मुठीत घेतलं की हात सांगतो, एवढं बस. लोकांना पटत न्हाई. न पटू दे.

आज रस्सा जरा खारट झाला म्हणे. दुकानदारानं मीठ बदललं दिसतं. उद्या झापते त्याला.

७ जानेवारी

मीठ तेच आहे म्हणतो. खोटं बोलून राहिला.

१० जानेवारी

दोन्ही पायांना मुंग्या. नव्या चपलेमुळं. नवी ठेवून दिली, जुनी काढली. उद्या बरं वाटंल.

११ जानेवारी

नळावरून पाणी घेऊन आले. मागून सून मंजुषा आली, हातात माझी एक चप्पल. म्हणाली, आत्याबाई, ही नळापाशीच राहिली. पायातून कधी गेली मला कळलंच न्हाई. तिला सांगितलं, मुद्दाम ठेवली होती. बारावी शिकलेली आहे, बोलत न्हाई, नुसती बघते.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ खाल्ला तर जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. तिखटाचा हात तोंडाला लागला असंल.

थोरली जाऊ मंजुळाबाई वाण घेऊन आली. म्हणाली, तुझं तोंड पांढरंफटक पडलं गं. मी म्हणलं, उजळले मी, व्रताचं तेज आहे.

हे व्रत तिच्यामुळंच आहे, ते एकदा लिहूनच टाकते. पाच वर्षांमागं गावात चातुर्मासात महाराज आले होते. बायांनो, चार महिन्यांसाठी काहीतरी सोडा म्हणाले. कोणी वांगं सोडलं, कोणी पायात चप्पल घालणं सोडलं. मंजुळाबाई उभी राहिली आणि कांदा-लसूण सोडला. महाराजांनी तिचं नाव माईकवर घेतलं. मला बसवंना. मी उठले आणि म्हणलं, मटण, अंडी, दूध, दही, ताक, तूप, सगळं सोडलं, आणि चार महिने न्हाई, आमच्या मालकांची तंबाखू सुटंस्तोवर. मंडप टाळ्यांनी दणाणला. महाराजांनी माझं नाव दोनदा घेतलं.

आमचे मालक व्यंकटराव मंडपाच्या मागं उभे होते. तंबाखू मळून राहिले होते.

२० जानेवारी

संतराम म्हणून एक ट्रक ड्रायव्हर आहे, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. ताट सरकवून म्हणाला, बाई, हिंगोलीला समुद्र कधी आला? सगळे हसले. त्याला बीपी आहे, त्याला सगळंच खारट लागतं.

२१ जानेवारी

आज मीठ कमी टाकलं. अळणी झालं म्हणे. आता एकदा काय ते ठरवा म्हणावं.

२७ जानेवारी

सकाळी तोंड धुताना साबण लावला, डोळे मिटले, आणि डोळे उघडले तर मी मोरीत आडवी. शेवाळ झालंय. मंजुषाला घासायला लावलं. शेवाळ कुठंच न्हाई म्हणे. मग मी धडपडले ते काय हौसेनं?

मालक घाबरले. हिंगोलीला दाखवून येऊ म्हणाले. मी म्हणलं, शक्तीची सलाईन लावली की झालं. परवा जाऊ.

२९ जानेवारी

हिंगोलीची डॉक्टरीण लेकरासारखी कवळी आहे. सलाईन द्या म्हणलं, तर देईना. जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पायाच्या अंगठ्याला काहीतरी लोखंडी लावलं आणि विचारलं, थरथर कळते का. मी कळते म्हणलं. तिनं ते आधी वाजवलंच नव्हतं, मग थरथर कुठली? ही काय डॉक्टरकी झाली?

मग म्हणाली, पाय जुळवून उभ्या राहा, डोळे मिटा. मिटले. मालकांनी धरलं म्हणून बरं, न्हाईतर टेबलावर गेले असते. तिच्या दवाखान्याची फरशी उताराची आहे. मी तिला तसं सांगितलं.

मग खाणं विचारलं. मटण न्हाई, अंडं न्हाई, दूध न्हाई, दही न्हाई, चहा कोरा. तिनं पेन खाली ठेवलं. विचारलं, किती वर्षं? मी ताठ बसून पाच वर्षं सांगितलं. वाटलं, आता कौतुक करंल. तिनं मालकांकडं बघून रक्त तपासायला लिहून दिलं.

१ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. बी-बारा म्हणून एक व्हिटॅमिन असतं, ते माझ्यात संपलं. डॉक्टरीण म्हणाली, हे झाडपाल्यात नसतं. मटण, मासळी, अंडी, दूध, यातूनच येतं. शरीर त्याचा साठा करून ठेवतं, म्हणून इतकी वर्षं चाललं. आता साठा खतम. ते नसलं की नीट रक्त तयार होत न्हाई. आणि नसांवरचं वेष्टण झडतं, वायरवरचं प्लास्टिक निघावं तसं. म्हणून मुंग्या, म्हणून हातापायाला कळणं बंद, म्हणून जीभ अशी.

मी म्हणलं, मला तर हाताला सगळं कळतं.

ती म्हणाली, "मावशी, उशीर करू नका. काही नसा परत येतात. काही येत नाहीत."

पहिली सुई आजच टोचली. मी डोळे मिटून घेतले. भेले न्हाई, देवाचं नाव घेत होते. आता दोन आठवडे एक दिवसाआड यायचं, मग आठवड्याला, मग महिन्याला. करणार. महिनाभरात धावत सुटते का न्हाई बघा.

३ फेब्रुवारी

दुसऱ्या सुईला डोळे उघडे ठेवले. तिथंच घोटाळा झाला. बाटली फोडली तर आत लालभडक. रक्तासारखं. मला एकदम कळलं. मटणात असतं ते व्हिटॅमिन, रंग काळजाचा, मग सुईत दुसरं काय असणार? माझी आजी सांगायची, पूर्वी अशक्त बायांना काळजाचं इंजेक्शन द्यायचे. हे तेच. म्हणजे परवा मला बकरं टोचलं आणि मी हसून घरी आले.

उठलेच मी. सिस्टरला म्हणलं, लघवीला जाते. बाहेर येऊन सरळ एसटी धरली. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. देवीसमोर नाक घासलं, एक सुई नकळत झाली म्हणून.

घरी सांगितलं, टोचली.

५ फेब्रुवारी

आज पण हिंगोलीला गेले. स्टँडवर बसले, केळं खाल्लं, परत आले. घरी सांगितलं, टोचली.

हे खोटं बोलणं न्हाई. मला दुसरा उपाय सापडला आहे आणि तो सांगितला तर कोणी करू देणार न्हाई. उपाय असा. बकऱ्यात बी-बारा असतं. बकरं काय खातं? पाला. बकऱ्यानं कधी अंडं खाल्लं? म्हशीनं कधी मटण खाल्लं? मग त्यांच्यात ते आलं कुठून? पाल्यातूनच. डॉक्टरणीला एवढं साधं सुचलं न्हाई. शिकलेल्यांचं असंच असतं.

उद्यापासून पाला.

८ फेब्रुवारी

तांदुळजा, शेवग्याचा पाला, अंबाडी, घोळ, करडई. सकाळी एक टोपलं, संध्याकाळी एक टोपलं. मालक विचारत होते, शेळी पाळली का.

१२ फेब्रुवारी

पोट बिघडलं. म्हणजे पाला लागू पडून राहिला. आधी घाण निघते.

१७ फेब्रुवारी

फरक आहे. मुंग्या पायातून गेल्या. गुडघ्यापर्यंत वर सरकल्या म्हणजे पायातून गेल्याच म्हणायच्या.

ब्लाउजची बटणं लागंनात. मंजुषानं लावून दिली. बटणं हलक्या प्रतीची आहेत.

२० फेब्रुवारी

कोथिंबीर चिरताना बोट चिरलं. मला कळलं न्हाई. कोथिंबीर लाल झाली तवा कळलं. मंजुषानं सगळी फेकून दिली, बोट बांधलं आणि हळूच विचारलं, इंजेक्शनं किती झाली? मी म्हणलं, भरपूर. ती म्हणाली, कागद दाखवा ना, त्यावर लिहून देतात. मी म्हणलं, कागद एसटीत राहिला. आणि तू माझी सासू का मी तुझी?

तिच्या मनात काय चाललंय मला कळतंय. चूल पाहिजे तिला. वसमतकडची आहे, तिकडच्या पोरी गोड बोलून घर ताब्यात घेतात. घे म्हणावं. माझा हात घेता येतो का बघ.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कडक उपास केला. पाणीसुद्धा बेतानं. औंढ्याला सगळे गेले, मला गर्दीत चालवंना, तर मी घरूनच हात जोडले. देवाला सांगितलं, पाय बरे कर आणि मालकांची तंबाखू सोडव. दोन्हीतलं एक तरी कर.

५ मार्च

गावातल्या एका लग्नाची ऑर्डर. मोठं पातेलं. मंजुषा म्हणाली, आत्याबाई, मीठ मी टाकते, तुम्ही बसा. मी तिला बाजूला केलं. मूठ भरली, टाकली. हात काही बोलंना. म्हणून आणखी एक टाकली. तरी काही कळंना. मुठीत मीठ आहे का संपलं हेच समजंना, म्हणून मूठ उघडून बघितली. मग अंदाजानं आणखी थोडं.

जेवणाला सुरुवात होऊन थोडाच वेळ झाला. वरपिता स्वतः आला. शिव्या दिल्या असत्या तर मी पण दिल्या असत्या. तो हात जोडून म्हणाला, ताई, पाहुण्यांपुढं माझी लाज गेली.

मंजुषानं दुसऱ्या पातेल्यात वरण टाकलं. बटाटे उकडले. कशीबशी पंगत उठली.

मी मागं पत्र्याच्या आडोशाला बसले होते. मालक आले, बाजूला बसले. मग म्हणाले, "सुई टोचून घेत न्हाईस ना तू?"

मी म्हणलं, न्हाई.

"काहून?"

मी सांगितलं. बकरं असतं त्यात.

ते हसले न्हाईत. हसले असते तर बरं झालं असतं.

६ मार्च

डॉक्टरणीपुढं परत. आता चालताना पाय जमिनीवर आपटून टाकावा लागतो, न्हाईतर जमीन कुठं आहे कळत न्हाई. मालकांनी दंडाला धरून नेलं. लोकांना वाटलं असंल, नवरा कसा जपतो.

डॉक्टरीण चिडली. मी तिला पाल्याचं सांगितलं. बकऱ्याचं पण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, विचार चांगला केला मावशी, पण ते पाल्यात नसतं. बकऱ्याच्या पोटात बारीक जंतू असतात, ते तयार करतात. तुमच्या पोटात ते जमत न्हाई. मी म्हणलं, जमत काहून न्हाई? ती म्हणाली, कारण तुम्ही बकरी न्हाई.

आणि सुईत बकरं न्हाई म्हणे. रंगच तसा असतो त्या औषधाचा. कारखान्यात टाकीत जंतू वाढवून करतात. समजावं म्हणून म्हणाली, दही विरजतात ना, तसंच समजा.

दही पण सोडलेलं आहे मी.

मालकांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरणीनं विचारलं, हे व्रत सुटणार कधी? मी मालकांकडं बोट दाखवलं. म्हणलं, यांची तंबाखू सुटंल तवा. डॉक्टरीण मालकांकडं बघत बसली. मालकांच्या गालात तवा पण होती.

१३ मार्च, होळी

मालकांनी सगळ्यांसमोर तंबाखूची चंची होळीत टाकली. चुन्याची डबी पण. गल्लीतल्या बाया बघून राहिल्या होत्या. माझे डोळे भरून आले. पाच वर्षांच्या तपाला फळ आलं. उद्या सकाळी दुधाचा चहा पिणार आणि मग सुई.

१४ मार्च

सकाळी मालक गोठ्यामागं. संतरामकडून मागून घेतलेली चिमूट ओठात. मला बघून ओठ मिटून घेतला आणि मिटल्या तोंडानं विचारलं, चहा झाला का.

चहा कोराच पिले.

१६ मार्च, रविवार

आज लिहायला हात चालत न्हाई, पण हे लिहायचंच आहे.

मंजुळाबाईकडं गेले. सांगायला गेले होते की बाई, माझ्याच्यानं आता होत न्हाई, तू मोठी आहेस, तू सांग काय करू. हे तिच्या तोंडावर म्हणायचं म्हणजे मला मरण होतं. भिंतीला धरून धरून गेले. दार उघडं होतं. ती जेवून राहिली होती. ज्वारीची भाकर, लसणाची चटणी, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

मी म्हणलं, बाई, तुझं व्रत?

तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, कोणतं?

मी म्हणलं, कांदा-लसूण.

तिला आठवायला वेळ लागला. मग म्हणाली, "अगं, ते चार महिन्यांचं होतं. कार्तिकात नारळ फोडला, सुटलं. तू अजून धरून बसलीस व्हय?"

मी खाली बसले. बसले म्हणजे पडलेच. ती म्हणाली, आम्ही सगळ्या बोलायचो, द्वारकेला मटण-दूध आवडतच नसंल, न्हाईतर इतकी वर्षं कोण काढतं. म्हणाली, तुला वाईट वाटंल म्हणून कोणी विचारलं न्हाई. आणि व्यंकटरावांच्या तंबाखूवर कोणी नवस बोलतं का? ते जन्मतः तंबाखू घेऊन आले.

पाच वर्षं मी कोणाच्या पुढं चालले होते? मागं कोणीच नव्हतं.

तिनंच नारळ आणला. देवीला फोडून दिला. म्हणाली, देवी काही सावकार न्हाई. मग गरम दूध दिलं वाटीभर. मी पिले. जिभेला काहीच कळलं न्हाई. नुसतं गरम.

१७ मार्च

सुई घेतली. डोळे उघडे ठेवून.

२५ मार्च

पाच झाल्या. सकाळी अंडं, रात्री दूध. डॉक्टरीण म्हणते, रक्त लवकर भरंल, जीभ पण सुधरंल. नसांचं सांगता येत न्हाई, धीर धरा. मला धीर लागत न्हाई. माझं अंग मुळात दणकट आहे. लोकांना सहा महिने लागत असतील, मला एक महिना बस.

३० मार्च, पाडवा

श्रीखंडाची चव कळली. आंबट कळलं, गोड कळलं. मी रडले, मालकांना वाटलं वेलदोडा दाताखाली आला.

जीभ आली म्हणजे हात पण आला असणार. अंग एकच आहे. पाडव्याचा संकल्प: पुढच्या सोमवारपासून चूल माझी. मंजुषाला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. महिनाभर तीच रांधते आणि संतराम रोज दोन वाट्या रस्सा जास्त मागतो. तिला जरा चढलंच असंल. उतरंल.

५ एप्रिल

सराव केला. कोणी नसताना मुठीत मीठ घेतलं, परत डब्यात टाकलं, परत घेतलं. थोडं थोडं कळून राहिलं. नक्की कळून राहिलं. डोळे उघडे असले की जास्त कळतं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळी अंघोळ करून चुलीला हळदकुंकू लावलं. मसाला मी वाटला, मिक्सरमधी. फोडणी मी दिली. रस्सा रंगाला आला. दारात दोन ट्रक लागले. संतराम ट्रकमधूनच ओरडला, आज बाई आहेत का. मी म्हणलं, आहे.

मग मीठ. मूठ भरली आणि पातेल्यावर हात धरला. हात गप होता. मी थांबले. वाफ लागून राहिली होती, तिचा पण चटका कळंना, मंजुषानंच माझा हात मागं घेतला. तरी मी मूठ पातेल्यात सोडलीच. मग कोणी न सांगता पळी घेतली, रस्सा फुंकला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा जिभेला लावला.

मंजुषा बाजूला उभी होती. मी म्हणलं, "बघ गं, मला मीठ लई वाटतंय."

तिनं चव घेतली. म्हणाली, "लई झालं, आत्याबाई. पण हुईल नीट."

तिनं कणकेचे गोळे केले आणि खारटपणा ओढायला रस्स्यात सोडले. पटापट, न बघता, किती आणि कधी काढायचे ते सगळं ठाऊक असल्यासारखं. मी विचारलं, हे कुठं शिकलीस. ती खाली मान घालून म्हणाली, मागच्या पावसाळ्यापासून रोजच करते.

म्हणजे जानेवारीत जे बिघडलं असं मी लिहिलं, ते फक्त तिचा हात पोचला न्हाई त्या दिवसांचं.

झारा तिच्या हातात दिला. बाहेर गिऱ्हाइकांना पाणी पाहिजे होतं, तर जग भरायला गेले. जग उचलायला दोन्ही हात लागले, आणि धरलाय का न्हाई हे बघायला डोळे.